भावजींची चाळिशी सुटली म्हणे! वय वाढताना तुम्ही डोळे कसे जपता?

मधुमालती | १२ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, आमच्या घरात सध्या एकच विषय चाललाय, म्हणून इथे विचारते.

माझे दीर ६७ वर्षांचे. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्याच वाड्यात खालच्या मजल्यावर राहतात. गेली २२ वर्षं त्यांना वाचायला चष्मा लागायचा. या श्रावणापासून ते रोज रात्री त्रिफळा भिजत घालतात, सकाळी ते पाणी फडक्याने गाळून त्याने डोळे धुतात आणि वर चमचाभर तूप घेतात. दिवाळीनंतर चष्मा खरंच सुटला. परवा माझ्यासमोर त्यांनी पंचांगातली अगदी बारीक अक्षरं, तिथीशेजारच्या वेळांसकट, चष्म्याशिवाय धडाधड वाचून दाखवली. मी बघतच राहिले.

मी ५८ची. माझा नंबर दीडचा दोन झालाय. सुई ओवायला नातीला हाक मारावी लागते. मीही हे सुरू करावं का? आणखी कोण काय करतं? गोळ्या-औषधं नकोत, घरात करता येईल असं नैसर्गिक काही सांगा.

आईला शेवटची पाच-सहा वर्षं जवळजवळ दिसत नव्हतं. "वय झालं" असंच सगळे म्हणायचे. भिंत चाचपत मोरीकडे जाणारी आई अजून स्वप्नात येते, म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता गप्पांचा नाही.

अभंग_वारी | १२ डिसेंबर, रात्री १०.०५

ताई, जरूर सुरू करा. मी १२ वर्षं त्राटक करतोय. पहाटे समईची ज्योत, डोळ्यांच्या रेषेत, दोन हात अंतरावर. डोळ्यांतून पाणी आलं की मिटून घ्यायचे. दिवसभर डोळे हलके राहतात. आपल्या लोकांनी हे सगळं शोधून ठेवलंय, आपणच विसरलो.

खमंग | १२ डिसेंबर, रात्री १०.३१

माझं उत्तर खंडेराव मार्केटमध्ये मिळतं. सरगव्याचा म्हणजे आपल्या शेवग्याचा कोवळा पाला! गाजराच्या मागे सगळे धावतात आणि हा पाला भाजीवाली जुडीबरोबर फुकट देते. मुगाची डाळ भिजवून, लसूण-मिरचीची फोडणी, पाला शेवटी, झाकण न ठेवता पाच मिनिटं. तेल-तुपात हात आखडू नका, कारण पाल्यातलं जे अ जीवनसत्त्व होणार असतं ते स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. शिवाय पालक, मेथी, मका आणि खात असाल तर अंड्याचा पिवळा बलक.

चिन्मय७८ | १२ डिसेंबर, रात्री ११.१२

वय ४७, दिवसभर स्क्रीन. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि दुपारी चारनंतर अक्षरं पुसट दिसायची. मला वाटलं नंबर वाढला. निघाला कोरडेपणा. एरवी माणूस मिनिटाला १५-२० वेळा पापणी मिटतो, स्क्रीनपुढे ते निम्म्याहून खाली येतं. त्यात एसीचा झोत थेट तोंडावर.

तीन गोष्टी केल्या. खुर्ची फिरवून झोत चुकवला. दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघतो. रात्री गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या पापण्यांवर पाच-सात मिनिटं ठेवतो. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबलेल्या मोकळ्या होतात आणि अश्रू लवकर उडून जात नाहीत. महिनाभरात फरक पडला. खर्च शून्य.

निळा प्रकाश अडवणारी काच मात्र घेऊ नका. मी जास्तीचे पैसे देऊन घेतली होती. २०२३मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल आला, त्यात डोळ्यांच्या थकव्यावर तिचा उपयोग दिसला नाही.

रावपुरेकर | १३ डिसेंबर, सकाळी ७.५०

मधुमालतीताई, माझं चष्म्याचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. नंबर काढणं हेच माझं रोजचं काम. तुमची पोस्ट रात्री वाचली आणि राहवलं नाही म्हणून सकाळी शटर उघडायच्या आधी लिहितोय.

भावजींना तीन गोष्टी विचारा. लांबचं आधीपेक्षा धूसर दिसतं का? रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरतात का? आणि साखर शेवटची कधी तपासली?

त्यांनी काही केलं-न केलं हा प्रश्न नाही. पण २२ वर्षांचा जवळचा नंबर ६७व्या वर्षी आपोआप गेला, तर मला आनंदाआधी काळजी वाटते. डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट आणि पिवळट होऊ लागलं की त्याची ताकद वाढते. मग जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं आणि लांबचं बिघडतं. हा मोतीबिंदूचा एक प्रकार आहे. साखर खूप वाढली तरी भिंगात पाणी शिरून नंबर असाच सरकतो. माझ्याकडे वर्षातून चार-पाच जण पेढे घेऊन येतात, "चश्मा उतरी गया!" म्हणत. मी पेढा घेतो आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

अभंग_वारी | १३ डिसेंबर, सकाळी ८.२०

काका, आदर ठेवून विचारतो. काही चांगलं झालं की त्यामागे रोगच शोधायचा का? माणसाने श्रद्धेने चार महिने नेम पाळला, त्याचं काहीच नाही?

रावपुरेकर | १३ डिसेंबर, दुपारी २.१५

अभंगदादा, राग मानू नका. आपल्या भाषेने या नंबराला नावच दिलंय, चाळिशी. मराठी माणसाच्या किती पिढ्यांनी बघितलं असेल की चाळिशीत हे सगळ्यांना होतं, तेव्हा तो शब्द रुळला. लहानपणी भिंग ताज्या पोळीसारखं असतं, कशीही घडी घाला. वय वाढतं तशी पोळी शिळी होते, घडी पडत नाही. जवळ बघायला भिंगाला फुगावं लागतं आणि ते फुगत नाही. चाळिशीत एकच्या आसपास, पंचावन्नला दोन, साठीला अडीच आणि मग नंबर साधारण तिथेच थांबतो. ताईंचा दीडचा दोन झाला, तो वयाप्रमाणेच झाला.

व्यायामाने पोळी परत ताजी होत नाही. त्राटकाने मन स्थिर होत असेल तर अवश्य करा, माझे वडीलही करत. फक्त ज्योतीच्या जागी सूर्य आणू नका. उगवत्या सूर्याकडे टक लावून डोळ्यातल्या पडद्यावर भाजल्याचा डाग पडलेला मुलगा मी पाहिलाय. अक्षराचा मधला भाग त्याला आजही दिसत नाही.

आणि त्रिफळा पोटात घ्यायचा तर वैद्यांना विचारून घ्या. फडक्याने गाळलेलं, रात्रभर उघडं राहिलेलं पाणी डोळ्यात नको. मध, गुलाबपाणी, बटव्यातलं काजळ, सुरमा, यांतलं काहीही नको. डोळ्याला निर्जंतुक गोष्टच चालते.

पिंपळपार | १३ डिसेंबर, दुपारी ४.४०

रावपुरेकर म्हणतात ते साखरेचं खरं आहे. मला ६१व्या वर्षी एका महिन्यात दोनदा चष्मा बदलावा लागला. दुसऱ्यांदा दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, म्हणाला, आधी रक्त तपासा. उपाशीपोटी २८० होती.

तेव्हापासून कमाटीबागेत रोज पाच किलोमीटर. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासतो. त्या दिवशी स्कूटर नेत नाही, चार तास भगभगतं. साखरवाल्यांचा पडदा आतून झिरपत असला तरी बाहेरून काही कळत नाही, सगळं स्वच्छ दिसत असतं. माझा बागेतला एक जोडीदार "मला तर दिसतंय" म्हणत सहा वर्षं गेला नाही. आता बाकावर बसतो आणि मी त्याला पेपर वाचून दाखवतो.

फिरकी | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६.०२

मी इथला लहान, वय २९. उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत, महिन्यावर आलंय म्हणून लिहितो. १४ आणि १५ जानेवारीला आख्खं बडोदं सकाळपासून अंधार पडेपर्यंत गच्चीवर असतं, मान वर, डोळे आभाळात. गेल्या वर्षी १५ तारखेच्या रात्री माझे डोळे लालभडक झाले आणि झोपही येईना.

यंदा आईसकट सगळ्यांना गॉगल. काका, रस्त्यावरचा १५० रुपयांचा चालतो का?

रावपुरेकर | १३ डिसेंबर, रात्री ९.३०

काच काळी असून भागत नाही. अतिनील किरण पूर्ण अडवणारी हवी, त्यावर यूव्ही ४०० लिहिलेलं असतं. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात. घेताना दुकानदाराकडून यंत्रावर तपासून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आयुष्यभराचं ऊन भिंगावर साचतं. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो. टोपी आणि गॉगल ही माझ्या मते सगळ्यात नैसर्गिक दोन औषधं. सिगारेट-बिडी सोडणं तिसरं. तंबाखूच्या धुराने मोतीबिंदूही लवकर येतो आणि पडद्याचा मधला भागही लवकर झिजतो.

आणि फिरकी, ती चायनीज दोरी घेऊ नका. बंदी २०१७पासून आहे, तरी दर वर्षी भुवईपासून पापणीपर्यंत चिरलेलं एखादं पोर बघावं लागतं.

आजोळ | १४ डिसेंबर, सकाळी ११.१५

खमंगताईंना पालाभाजीबद्दल धन्यवाद, काल केली. आमच्या करेलीबागेत सरगव्याची दोन झाडं आहेत.

माझा प्रश्न गोळ्यांचा. मुलाने अमेरिकेहून ल्युटिनच्या बाटल्या पाठवल्यात. डोळे तपासले तेव्हा पडदा छान आहे म्हणाले. तरी घ्याव्यात का?

निशिगंधा | १४ डिसेंबर, दुपारी १२.५०

आजोळताई, मी पडद्याच्या दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त. त्या गोळ्यांमागे मोठा अमेरिकी अभ्यास आहे, त्याचा दुसरा भाग २०१३मध्ये आला. १० मिलिग्रॅम ल्युटिन, २ मिलिग्रॅम झियाझँथिन, शिवाय क आणि ई जीवनसत्त्वं, जस्त आणि तांबं. पण त्यांचा उपयोग दिसला तो ज्यांच्या पडद्याची वयोमानाची झीज मध्यम टप्प्यावर पोचलीय त्यांना, आणि तोही झीज पुढे सरकण्याचा वेग कमी करण्यापुरता. निरोगी पडद्याला त्यांनी झीज येतच नाही असं दिसलेलं नाही. ल्युटिन पाल्यातही असतं, तुम्ही पाला खा. पैसे वाचतील आणि मुलालाही बरं वाटेल.

बिडी ओढणाऱ्यांनी, पूर्वी ओढलेल्यांनीही, बीटा-कॅरोटिनच्या (गाजरातलं अ जीवनसत्त्व होणारं द्रव्य) गोळ्या टाळाव्यात. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गाजरं खायला हरकत नाही.

मधुमालतीताई, मला मात्र तुमच्या आईचं वाक्य लागून राहिलंय.

माझे वडील शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचायचे. चष्म्याचा नंबर काढून आले की खूश. फक्त दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. जेवताना डावीकडचं लोणचं ताटात तसंच राहायचं. आई चिडायची, "समोर वाढलेलं दिसत नाही का?" खरंच दिसत नव्हतं. काचबिंदू होता. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळ्याची शीर कडेकडून मरत येते. दुखत नाही, लाल होत नाही, मधलं अगदी शेवटपर्यंत दिसत राहतं. कळलं तेव्हा डावा डोळा गेला होता. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी सांभाळता येतं. उजव्या डोळ्यावर ते ८४ वर्षांपर्यंत पेपर वाचत होते.

मी त्या क्षेत्रात असून घरातलं मला कळलं नाही. हे रक्ताच्या नात्यात येतं. तुमच्या आईचं निदान झालंच नव्हतं. भावजींना न्याल तेव्हा तुम्हीही डोळ्याचा दाब आणि शीर तपासून घ्या, हात जोडून सांगते.

चिन्मय७८ | १४ डिसेंबर, दुपारी १.३०

निशिगंधाताई, लोणच्याचं वाचून बाबांना फोन लावला. ते सोमवारी तपासायला जातायत.

पिंपळपार | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५.२०

थोडं विषयांतर. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत. सयाजीरावांच्या काळात केल्या, वरचा उजेड झिरपत खालपर्यंत यावा म्हणून. पोरवयात त्या फरशीवर पाय ठेवायला भीती वाटायची. तेव्हा खालच्या मजल्यावर सगळी नावं वाचता यायची, आता मला तिथे विजेरी लागते.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, २० वर्षांच्या मुलाच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण तिसरा हिस्सा साठीत पोचतो. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते जिन्यात दोन दिवे आणि खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे एक. वाचताना डोकं दुखायचं ते थांबलं.

खमंग | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

पिंपळपारकाका, हे तर फार सोपं निघालं! मी ओट्यावरचा दिवा आजच बदलते. तांदूळ निवडताना खडे सुटतात म्हणून सूनबाईला बोल लावत होते, बिचारी.

मधुमालती | १५ डिसेंबर, रात्री १०.२०

काल दुपारी भावजींना वाड्याच्या दारात उभं केलं. समोरच्या मेडिकलची पाटी वाचा म्हटलं. घडाघडा वाचली. माझा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, ती पाटी ३० वर्षं तिथेच आहे, पाठच असणार. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. म्हटलं, हिचा नंबर वाचा. डोळे बारीक केले, मान तिरकी केली, एक पायरी खाली उतरले. "जीजे... सहा..." आणि गप्प झाले. मला पाचव्या पायरीवरून पूर्ण नंबर दिसत होता.

मग हळूच म्हणाले, "वहिनी, रात्री समोरून गाडी आली की मी बाजूला थांबतो हल्ली." कोणाला सांगितलंच नव्हतं. चष्मा सुटल्याच्या आनंदात आम्हीही विचारलं नाही.

आज तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. लांबचा नंबर उणे अडीचवर गेलाय. साखर ठीक आहे. रावपुरेकरदादा, तुम्ही न बघता ओळखलंत.

ऑपरेशन उत्तरायणानंतर, कमुरता म्हणजे धनुर्मास संपल्यावर करू म्हणतात. चालेल ना? आणि आमच्या चुलतसासूबाई म्हणतायत, पिकू द्या, मगच काढा.

रावपुरेकर | १५ डिसेंबर, रात्री १०.५५

महिनाभर थांबायला डॉक्टरांची हरकत नसेल तर खुशाल थांबा, पण रात्रीची स्कूटर आजपासून बंद. पिकू देण्याचा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला. आता अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद घेऊन भिंग आतच ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात आणि घडीचं नवं भिंग बसवतात. पिकून दगड झालेलं भिंग फोडायला जास्त त्रास होतो. थंडीतच करावं असंही काही नाही.

भावजींना सांगा, नेम पाळला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त ते पाणी आता बंद. ऑपरेशनआधी डोळा स्वच्छ हवा.

अभंग_वारी | १६ डिसेंबर, पहाटे ५.४०

ताई, मी "जरूर सुरू करा" म्हणालो होतो. माझ्या त्या सल्ल्याने तुम्ही दोन महिने थांबला असतात तर मला चैन पडलं नसतं. त्राटक माझं चालूच राहील, मनासाठी. पण मी ५५चा आहे आणि पडदा आजवर एकदाही तपासलेला नाही. रावपुरेकरकाका, तुमच्या दुकानात येतो, पुढे कुठे जायचं ते सांगा.

फिरकी | १६ जानेवारी, सकाळी १०.१०

धागा वर काढतोय. घरात सात गॉगल, सातही यंत्रावर तपासलेले. आज एकाचेही डोळे लाल नाहीत. उंधियुही संपला.

मधुमालतीकाकू, भावजी कसे आहेत?

निशिगंधा | १६ जानेवारी, दुपारी १२.००

आणि ताई, तुमचा दाब?

मधुमालती | २६ जानेवारी, रात्री ९.३०

उशिरा लिहितेय, क्षमा करा. दोन्ही एकदम चाललं होतं.

भावजींचा उजवा डोळा २१ तारखेला झाला. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा देवघरात गेले आणि मला हाक मारली, "वहिनी, देव्हाऱ्याला रंग कधी दिला?" दिलेलाच नाही. पांढरा देव्हारा त्यांना इतके दिवस पिवळा दिसत होता. वाचायला चष्मा परत लागणार आहे. त्याचं त्यांना काही वाटत नाही, जुनीच फ्रेम शोधून ठेवलीय. डावा डोळा मार्चमध्ये.

आता माझं. निशिगंधाताई, दाब दोन्हीकडे २६ निघाला, २१पर्यंत चालतो म्हणाले. शिरेचा फोटो काढला, मग बटण दाबायची ती दृष्टिक्षेत्राची चाचणी. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला वर थोडा भाग गेलाय. मला कधीच जाणवला नव्हता. आईला हेच असणार असं डॉक्टरांना वाटतं. मोठ्या भावाला पुण्याला फोन केला, तोही तपासून घेतोय.

रोज रात्री ९ला थेंब, जन्मभर. गोळ्या-औषधं नकोत म्हणून मी हा धागा काढला होता. पण उरलेलं सगळं दिसत राहणार असेल तर हे मला मान्य आहे. मोबाइलवर गजर लावलाय. सरगव्याचा पाला, जिन्यातला दिवा आणि गॉगलही चालू आहेत.

एकच अडचण. थेंब टाकला की थोड्या वेळाने घशात कडू लागतं आणि निम्मा गालावर वाहून जातो. बरोबर टाकतेय ना मी?

निशिगंधा | २६ जानेवारी, रात्री ९.४२

ताई, वेळेवर गेलात. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

आडवं व्हा. खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक कशालाही लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटा, घट्ट आवळू नका, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. तिथून बारीक नळी नाकात आणि पुढे घशात उतरते, औषध तिकडे जातं म्हणून कडू लागतं. घड्याळ लावून दोन मिनिटं.

मधुमालती | २७ जानेवारी, रात्री ९.११

नातीने घड्याळ धरलं, मी कोपरा दाबला. दोन मिनिटं पूर्ण. आज कडू लागलं नाही.